दिवे लागल्यावर सांगणारा

त्याने लाथ मारून माझा भरलेला हंडा उलटवला. ऐन उन्हाळ्यात सूर्यमाळच्या पाड्यावर असं कुणी करत नाही. मी शिवी हासडली. धापा टाकत तो म्हणाला, "आजी, शिव्या मागून दे. टँकरवाल्याचा मेसेज आलाय. टाकीत आधी फवारणीचं औषध होतं." आणि पुढच्या दारचे हंडे पालथे घालायला पळाला.

हा माणूस एरवी पळत नाही. पाड्यावर रेंज नाही, ती वरच्या टेकडीवर येते, आणि हा दिवसभर बकऱ्या घेऊन तिथेच असतो. आमच्या ग्रुपवर आलेलं सगळं वाचतो आणि दिवे लागल्यावर ओट्यावर बसून, एकेक बोट दुमडत, एकदमच सांगतो. शेजारीण म्हणायची, आलं की लगेच सांग. तो म्हणायचा, "दिवसाला चाळीस गुड मॉर्निंग येतात, चाळीसदा उतरू?" गुरुजी म्हणाले, शाळेच्या भिंतीवर लिही, ज्याला हवं तो वाचेल. "वाचणारी एकटी आजी, आणि ती चष्मा विसरते," तो म्हणाला. त्याचा हा ताठा मला कधी आवडला नाही.

त्या दिवशी तो सकाळीच उतरला. आता पाणी आणि आजार लगेच सांगतो, बाकीचं संध्याकाळी. गुड मॉर्निंग सांगतच नाही.

माझी लंगडी शेळी घरीच असायची. ती ते पाणी आधीच प्यायली होती. ती मेली. पाड्यावरची माणसं सगळी जगली.