गिरणीतला बल्ब

दळणाचा डबा हातात घेण्याआधी सगुणाकाकू छताच्या बल्बकडे बघायच्या. तो पिवळट दिसला की म्हणायच्या, "आज न्हाई. करंटला दम न्हाई, मोटार जळंल माझी." आणि डबा तसाच परत. चऱ्होलीला आमच्या आळीत त्यांची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीनं चालवली.

आळीमागच्या शेतात लिफ्टवाली मोठी सोसायटी उभी राहिली आणि बल्ब रोजच पिवळा पडू लागला. डीपी, म्हणजे आळीचा ट्रान्सफॉर्मर, जुनाच; त्यावर वीज ओढणारे मात्र कितीतरी वाढले. काकूंची मोटार एकदा जळली. पुन्हा जळली असती तर गिरणीला कुलूपच लागलं असतं. वीज कार्यालयाला अर्ज मी लिहिला; आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. उत्तर आलं, मोठा डीपी मिळेल, पण नंबर लागायला वेळ आहे. घाई असेल तर खर्च तुम्ही करा.

देवळात बैठक भरली. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "घरटी सारखी वर्गणी काढू. वाद नको."

काकू उठल्या. "एक बल्ब लावणारी म्हातारी आन तुमची लिफ्ट सारखीच व्हय, सायेब? जो जेवढा करंट वढतो, तेवढं त्यानं द्यावं."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग काकू, आळीत सगळ्यात जास्त तुमची गिरणीच वढती की!"

सगळे हसले. काकूंनी गिरणीच्या नव्या दगडासाठी पैसे साठवले होते, हे मला माहीत होतं. वाटलं, आता त्या खाली बसणार. त्या माझ्याकडे वळल्या.

"वही काढ, पोरी. गिरणीचं नाव वर लिही. त्याच्याखाली लिफ्ट."

त्यानंतर चेअरमनना मागे सरता येईना.

डीपी बसला. दगड मात्र जुनाच राहिला, वर्षभर पीठ भरड येत होतं. बायका कुरकुरल्या की काकू म्हणायच्या, "भाकरी जरा जाड थाप. आन वर बघ, बल्ब कसा लख्ख हाय!"

मागच्या वर्षी काकू गेल्या.

परवा वर्गात सरांनी विचारलं, विजेचं जाळं नवं करायचं तर खर्च कुणी करावा, सरकारनं, कंपन्यांनी की ग्राहकांनी? मी सहसा हात वर करत नाही. त्या दिवशी केला. सगळ्या देशाचं उत्तर मला ठाऊक नाही, हे आधी सांगितलं आणि मग काकूंचं म्हणणं सांगितलं.

सर हसले. "बोलायला सोपं आहे. पण तो नियम सांगणाऱ्यावरच पडला तर?"

"पडलाच होता, सर," मी म्हणाले. "ती वही माझ्याकडे आहे. पहिलं नाव त्यांचंच आहे."