आत्यांचं कोरं मशीन

आत्या दिवसातून दोन-तीन कॉम्प्युटर पुसून टाकायच्या आणि मग बेसिनवर जाऊन साबणाने हात धुवायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाईंच्या हाताला काहीतरी लागलंय. आम्हाला सवय झाली होती. ते कॉम्प्युटर खरे नव्हतेच. नाशिकमध्ये सातपूरला प्लायवूडच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं आणि एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात पाच-सहा खोटे कॉम्प्युटर चालवून द्यायचे, हा आमचा धंदा. असा खोटा कॉम्प्युटर जन्माला येतो तेव्हा अगदीच अडाणी असतो. डिस्क रखडते, नेटवर्क दिसत नाही, पडद्यावरची अक्षरं भोपळ्याएवढी. त्याला शहाणं करणारे ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्रॅम एकत्र बांधून पॅकेज करायचं, ते सीडीवर घालायचं आणि गिऱ्हाइकांना पाठवायचे, हे खातं आत्यांकडे होतं.

त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. वय बेचाळीसच्या आसपास, पण दटावणं असं की आमचे साहेब त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असूनही त्यांना आत्याच म्हणायचे. मूळच्या सटाण्याच्या. एरवी बोलणं शुद्ध, पण राग आला की गावाकडची भाषा वर यायची. कुणी पॅकेजमध्ये एक फाइल विसरलं की आख्ख्या ऑफिसला ऐकू जायचं, "हाई काय शे?" त्यावर उत्तर द्यायचं नसतं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

त्यांचा एक नियम देवाच्या बापालाही मोडता आला नसता. ड्रायव्हरचं पॅकेज तपासायचं ते कोऱ्या मशीनवर. एकदा एखाद्या मशीनवर काही बसवलं की ते उष्टं झालं. "उष्ट्या ताटात पाहुण्याला वाढता का? मग?" असं म्हणून त्या ते मशीन पुसायच्या आणि नवं तयार करायच्या. त्यात अर्धा दिवस जायचा. साहेब घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालायचे आणि आत्या त्यांना पाय उचलून चालायला सांगायच्या.

पाठवणीचाही थाट असायचा. सीडी ट्यूबलाइटसमोर धरून दोन्ही बाजूंनी बघायची, मग द्राक्षाच्या पेटीतल्या मऊ कागदात गुंडाळायची. आमच्या सीड्यांना द्राक्षांचा वास येतो, असं एका गिऱ्हाइकाने कळवलं होतं. आत्यांना ते कौतुक वाटलं.

हा उष्ट्याचा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता, हे मला उशिरा कळलं. विसाव्या वर्षी लग्न, दोन वर्षांत माहेरी परत, मग डिप्लोमा, मग नोकरी. धाकटी बहीण दर रविवारी एखादं स्थळ घेऊन यायची. एकदा डबा खाताना मी भीत भीत विचारलं, तर हसून म्हणाल्या, "अगं, मी उष्टं मशीन. आता कोण बसवणार काय?" इतक्या सहज म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावून उठल्या.

त्या दिवसांत बहिणीने आणलेलं स्थळ होतं मालेगावचे देसले सर. ते आमच्याच एका गिऱ्हाइकाकडे, सूत व्यापाऱ्यांच्या संस्थेत, कॉम्प्युटर सांभाळायचे. बायको वारून बरीच वर्षं झालेली. ड्रायव्हरची शंका विचारायला रोज फोन करायचे, आणि ती शंका इतकी किरकोळ असायची की आम्ही एकमेकांकडे बघायचो. आत्या मात्र गंभीरपणे उत्तर द्यायच्या आणि शेवटी बजावायच्या, "बसवण्याआधी मशीनची कॉपी काढून ठेवा." बहिणीला त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं होतं.

अशात नवं पॅकेज निघालं. आत्यांनी कोऱ्या मशीनवर तपासलं, झकास चाललं. सीडी गुंडाळून मालेगावला गेली. दुसऱ्या दिवशी देसल्यांचा फोन आला, आणि या वेळी शंका खरी होती. त्यांची सगळी मशीनं बंद पडली होती, बाहेर व्यापारी खोळंबले होते.

आत्या, साहेब आणि मी जीपने निघालो. आत्या वाटेत घोकत होत्या, "कोऱ्या मशीनवर चाललं होतं. मी स्वतः बघितलं." तिथे पोचल्यावर दहा मिनिटांत उलगडा झाला. देसल्यांच्या प्रत्येक मशीनवर आमचाच जुना ड्रायव्हर बसलेला होता. तो जागा सोडेना, नव्याला बसू देईना. आमच्या पॅकेजने आत आधी कोणी आहे का, हे विचारलंच नव्हतं. विचारणार कशाला? आत्यांनी उष्टं मशीन कधी समोर येऊच दिलं नव्हतं.

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण त्यांची बोलायची हिंमत नव्हती. नशीब, देसल्यांनी कॉपी काढून ठेवली होती. जुनी मशीनं परत उभी राहिली. मग आत्यांनी जुना ड्रायव्हर आधी उतरवला, नवा बसवला, आणि एकेक मशीन सुरू झालं. शेवटचं सुरू झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चूक माझीच. देसले सर, तुमच्याकडे अशी आधी नांदलेली मशीनं किती आहेत?"

देसले सर चहाचा कप पुढे करत म्हणाले, "सगळीच तशी, मॅडम. मी बी तसाच शे."

साहेबांनी ताबडतोब खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी चहात बिस्कीट बुडवून विसरले. आत्या दटावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चहाचा कप घेतला. परतताना आम्ही चांदवडचा घाट उतरलो. मग आत्या एकदम मला म्हणाल्या, "त्यांना स्वयंपाक येत असेल का गं?"

येत होता. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं, बहीण आनंदाने रडली आणि मी तिच्याहून जास्त रडले. मालेगावला जाण्यासाठी ऑफिस सोडण्याआधी आत्यांनी दोन मशीनं कायमची मांडून दिली, एक कोरं आणि एक नांदलेलं. उष्टं हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही.

त्यांचं खातं माझ्याकडे आलं. आत्यांवाचून ऑफिस नुसतं भकास वाटायचं. मग नव्या पॅकेजची पहिली सीडी मी मालेगावला पाठवली आणि दुसऱ्या दिवशी संस्थेतून तक्रारीचा फोन आला. तक्रार देसले सरांची होती, पण ते घरून दुपारचा डबा घेऊन आलेल्या बायकोच्या हाती फोन देऊन बाजूला झाले होते. मी पुरती पाच मिनिटं बोलणी खाल्ली, आणि फोन ठेवू नये असं वाटत राहिलं.