'रिलिंक्विश'चा अर्थ सांगणाऱ्या बाई

निर्मलाबाई गेल्याचं त्यांच्या बहिणीच्या मुलीने फोनवर कळवलं, तेव्हा मी दिंडोरीच्या तहसील कचेरीत बाकावर बसले होते. वडिलांच्या द्राक्षबागेच्या वाटणीची तारीख होती, ती नेहमीसारखी पुढे गेली होती. रडू आलं नाही. नुसता थकवा आला... उठले आणि बाईंच्या घरी जायला नाशिकची बस धरली.

बाईंनी मला दिंडोरीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. पुढे त्याच शाळेत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून मीही शिकवू लागले. सात वर्षांपूर्वी वडील वारले. तेराव्यानंतर धाकट्या भावाने कागद पुढे केला, "ताई, सही कर. नुसती फॉर्मॅलिटी हाय." वकिलाने मसुदा इंग्रजीत केला होता. त्यातल्या 'रिलिंक्विश' या क्रियापदावर मी अडले आणि कागद घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "मूळ लॅटिन. मागे सोडून जाणं. 'रेलिक' हा शब्दही त्याच घरातला, म्हणजे मागे उरलेलं. रोजच्या बोलण्यात हे क्रियापद येत नाही. पेन कोणी रिलिंक्विश करत नाही. हक्क, पद, ताबा, आशा... आधी आपलं असलेलंच रिलिंक्विश करता येतं." सही कर किंवा करू नको, यातलं काहीच त्या बोलल्या नाहीत. मी सही केली नाही. भावाने बोलणं टाकलं, भाऊबीज बंद झाली, तारखा सुरू झाल्या.

गेल्या वर्षी बाई अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी उशाशी बसून मी विचारलं, "बाई, सही करून टाकायला हवी होती का हो? दमले आता."

"मी केली होती," त्या म्हणाल्या. "अर्थ पुरता माहीत असून केली. माहेर तुटू नये म्हणून."

"मग... राहिलं?"

त्या भिंतीकडे कुशीवर वळल्या. एवढ्या आजारपणात त्यांच्या तीन भावांपैकी एकही फिरकला नव्हता.

परवा भाचीने बाईंचा शब्दकोश माझ्या हाती दिला. घरी येऊन ते पान काढलं. शब्दाशेजारी बाईंचं तरुणपणचं नेटकं अक्षर होतं, 'स्वखुशीने सोडणे'. नंतर कधीतरी, दुसऱ्या शाईने, त्यातलं 'स्वखुशीने' तेवढं खोडलेलं होतं.