गोधडीतला बर्फ

एप्रिलच्या उन्हात खांद्यावर गोधडी टाकून शाळेत येणारा माणूस वेडा तरी असावा, नाहीतर विज्ञानाचा मास्तर. आमचे गोधडीवाले सर थोडे थोडे दोन्ही होते. नोकरीसाठी नागपूरहून इंदूरला आले आणि महिन्याभरात इथल्यासारखं भाऊला 'भिया' म्हणायला शिकले.

सहावीत त्यांनी बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले. एक ताटलीत उघडा ठेवला, दुसरा गोधडीत गुंडाळला. "बोलो भिया, आधी कोण वितळणार?" आम्ही एका सुरात ओरडलो, "गोधडीवाला!" मधल्या सुट्टीत ताटलीत नुसतं पाणी, आणि गोधडीतून निघाला चांगला लिंबाएवढा बर्फ! आमची तोंडं बघण्यासारखी झाली. सर म्हणाले, "गोधडी गरम नसते रे. ती फक्त उष्णतेची वाट अडवते. बाहेरची बाहेर, आतली आत."

"हात खोटं बोलतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. थंडीच्या सकाळी बाकाचा लोखंडी पाय लाकडी फळीपेक्षा गार लागे. थर्मामीटर मात्र दोन्हीकडे तोच आकडा दाखवी. लोखंड हातातली ऊब भराभर ओढून नेतं, एवढंच.

माझे बाबा सांवेर रोडच्या कारखान्यात. सकाळी सातला निघायचे आणि दुपारी गारढोण जेवायचे. हिवाळ्यात वरणावर तूप गोठायचं, अर्धा डबा परत यायचा. बाबा कधी तक्रार करत नसत, पण मला फार वाईट वाटे. शेवटी धीर करून विचारलं, "सर, गोधडी डब्याला चलेगी क्या?"

सरांनी कात्री मागवली, त्यांच्या आईच्या हातची ती गोधडी सरळ कापली आणि स्वतःच वेडीवाकडी पिशवी शिवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा दारातूनच म्हणाले, "आज तूप गोठलं नाही गं." डबा रिकामा होता. मी घरभर नाचले. मग बाकीची पोरंही मागायला लागली आणि गोधडी वर्षागणिक आखूड होत गेली.

गेल्या महिन्यात सर मुलाकडे नागपूरला जायला निघाले. आदल्या दिवशी बाबांनी सकाळीच सरांसाठी डबा भरून घेतला, त्याच पिशवीतून कारखान्यात नेला आणि दुपारी अर्धी सुट्टी टाकून सुदामा नगरला सरांच्या घरी आले. मीही पोचले होते. सरांनी डब्यावर दोन्ही हात ठेवले. "अजून गरम आहे रे!" डोळे भरून आले त्यांचे.

मी म्हटलं, "सर, हात खोटं बोलतो. थर्मामीटर लावा ना."

"थर्मामीटर पॅक हो गया, बेटा," सर म्हणाले. "आज हाताचंच खरं मानू."