दिवा लुकलुकला नाही

सुदुरॉय बेटावर वारा फुकट आणि माणसं काटकसरी. त्यामुळे वीजघरातला हानुस पवनचक्क्यांना मुद्दाम थोडा आवर घालतो हे कळल्यावर लोकांनी त्याला सोडलं नाही.

"देवानं वाढलेलं पानात टाकतोस की रे," शेजारीण मारियुन म्हणायची.

"टाकत नाही, हातचं राखतो," हानुस सांगायचा. एखादं डिझेल जनित्र अचानक बंद पडलं, की चक्क्या राखलेला जोर आपसूक तारांत सोडत आणि बेट अंधारात जात नसे.

चक्क्या येण्याआधी वादळात दिवे लुकलुकायचे, तेव्हा हानुस घामाघूम होऊन जनित्रांशी झटायचा. त्याची बायको सन्निवा घरी दिव्याकडे डोळे लावून बसायची. दिवा स्थिर झाला की म्हणायची, "धरलं गं बाई त्यानं." चक्क्या आल्या, दिवे हलायचे थांबले, तरी तिनं सगळं श्रेय नवऱ्याच्याच पदरात टाकलं. त्यानंही तिचा समज मोडला नाही. बायकोच्या नजरेत शूर ठरणं कुणाला नको असतं?

त्या हिवाळ्यात सन्निवाचं हृदय थकलं. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेवटच्या घटकेला आपण तिच्याजवळ असावं, एवढंच हानुसला हवं होतं. पण ती त्याला घरी बसू देईना. "माझं तोंड किती वेळ बघशील? जा कामाला."

"तिला श्वास लागला की फोन कर. मी निघालोच," तो तिच्याजवळ बसणाऱ्या मारियुनला रोज बजावून जायचा.

एके दुपारी वादळ उठलं आणि मोठं जनित्र बंद पडलं. पडद्यावरचा काटा जरासा झुकला, चक्क्यांनी जोर दिला, काटा जागेवर आला. सोबती दुसरं जनित्र सुरू करायला गेला. हानुस हातातली कॉफी पीत खिडकीतून वादळ बघत राहिला.

तो घरी आला तेव्हा मारियुन दारात रडत उभी होती. सगळं संपलं होतं.

"फोन का नाही केलास?"

"उचलला होता रे. तिनंच माझा हात धरला. म्हणाली, एवढं वादळ आहे आणि दिवा हलत नाही बघ. जिवाच्या आकांतानं धरून बसला असेल तो. त्याला बोलवू नकोस."

हानुस खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. तिचा गार हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

"मी काहीच धरलं नव्हतं गं," तो म्हणाला. "मी रिकामा बसलो होतो."