मुखरूभाऊनं परमुलखात मोटार नेली

तर मुखरूभाऊ मोटारीखाली शिरला, इथवर काल आलो होतो. चांद्याच्या भर बाजारात हा माणूस पाठीवर झोपलेला, बाहेर दिसतात फक्त पाय. मोटारीचा मालकही बाबूभाई आणि डायवरही बाबूभाईच. तो वरून विचारतो, "क्या देख रहे हो, मुखरूभाऊ?"

खालून आवाज येतो, "पाय तपासल्याबिगर मी बैलाचं दावं हाती धरत नाई."

मुखरूभाऊ आमच्या गावचा धानवाला शेतकरी, माझ्या घराला लागूनच त्याचं घर. माणूस वाईट नव्हता, पण विश्वास नावाची काही वस्तू असते हे त्याला ठाऊकच नव्हतं. खळ्यावर धानाच्या राशीला आपण राखेचे छापे मारतो, म्हणजे कोणी हात घातला तर छापा मोडतो आणि चोरी कळते. हा छापे मारायचा, मग आपल्याच छाप्यांचा संशय येऊन वरून आणखी मारायचा. सकाळी पाहावं तर धान दिसेना, नुसता राखेचा ढीग!

असा माणूस मोटार भाड्याने करायला निघाला तो कमळेपायी. कमळा त्याची एकुलती लेक, वर्धा नदीपलीकडे राजुऱ्याच्या बाजूला दिलेली. पहिलटकरीण होती, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण तिच्या सासूनं, सुगंधाबाईनं, निरोप धाडला होता की बैलबंडीच्या हिसक्यात सून पाठवणार नाही. दारात मोटार आणा आणि न्या, नाहीतर बाळंतपण इथंच होईल. तो निरोप आल्यापासून मुखरूभाऊची बायको मनकर्णा धड जेवली नव्हती.

ही चौपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. राजुरा तेव्हा हैदराबाद राज्यात आणि आपण मध्यप्रदेशात. नदी ओलांडली की परमुलूख. भाडं ठरलं. मुखरूभाऊ खूश झाला, तेवढ्यात बाबूभाई म्हणाला, "पेट्रोल अलग. नदीचा उतारा अलग. तिकडच्या नाक्याचा कर अलग. आन माहा भत्ता."

"मोटार तुही, पोट तुहं, मंग भत्ता माह्याकडून काऊन?"

"पोट घरी ठेवून येता येत नाई ना, भाऊ."

मला सोबत घेतलं होतं साक्षीदार म्हणून. मी मागे बसून हसत होतो. वाटेनं तर विचारूच नका. "हे वळण तूनं मुद्दाम घेतलं ना?" बाबूभाई म्हणे, "वळण सडकेनं घेतलं, मी तिच्या मागं चाललो."

नदीवर दोन डोंगे जोडून वर फळ्या टाकलेल्या होत्या. त्यावरून मोटार पलीकडे जायची, त्याचे पैसे म्हणजे उतारा. डोंगेवाला पोचू आणि बाबूभाई एकमेकांकडे पाहून हसले. झालं! मुखरूभाऊनं माझा हात दाबला. "हसले काऊन? वाटा ठरला हाय या दोघायचा." आणि जाहीर केलं, "मोटार इथीच राहीन. उताराबी नाई, नाक्याचा करबी नाई. मी पोरीले हळूहळू काठावर आणतो."

आता बाजारात भाड्याची बंडी केली की गाडीवानाची तुतारी, बैल हाकायची काठी ती, गिऱ्हाइकानं आपल्यापाशी ठेवायची, ही आपल्याकडची रीत. तुतारीवाचून गाडीवान दुसरं भाडं घेऊन पळत नाही. मुखरूभाऊनं मोटारीला फेरी मारून तिची तुतारी शोधली. जुनी मोटार ती, समोरून लोखंडी हँडल घालून गरगर फिरवलं की सुरू व्हायची. तेच हँडल खांद्यावर टाकून आम्ही नदीपलीकडे निघालो.

सुगंधाबाई ओसरीवर उभी. "मोटार कुठी हाय?"

"काठावर हाय, इहीणबाई."

"काठावर काऊन? दिसत त नाई."

"हे पाहा तिचं हँडल."

"हे? नांगराचं लोखंड दाखवता मले?" तिनं कमळेला आत जायला सांगितलं. "मोटार दारात आणा. आणि ज्याले इतकं जपून राह्यले, ते इथी ठेवून जा."

"याच्याबिगर मोटार उठत नाई हो!"

"काऊन? रेडा हाय का, टोचल्याबिगर न उठायले?"

हँडल आत गेलं. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला त्या दिवशी सव्वाशेर भेटली. आत कमळा रडत होती, ते आम्हाला ऐकू येत होतं. मुखरूभाऊ नदीकडे परतला.

बाबूभाई म्हणाला, "हँडल?"

"इहीणीपाशी हाय."

"उनको चलाना आता है?"

मग सुरू झाली ढकलाढकली. मोटार डोंग्यावर ढकलली, रेतीतून ढकलली, चढावर ढकलली. पोचूनं आपली माणसं लावली, त्यांचे पैसे अलग. उतारा दिला, नाक्याचा कर दिला. मुखरूभाऊ सगळ्यांच्या पुढे, धोतर गुडघ्यावर, खांदा मोटारीला. गावाच्या वेशीपाशी उतार लागला तेव्हा मोटार एकदाची भडभडली. सुगंधाबाईनं तिला चहूबाजूंनी पाहिलं, टपावर हात फिरवला, हँडल परत दिलं आणि सुनेची ओटी भरली.

"बाबा, घामानं भिजले तुमी," कमळा म्हणाली.

"गरमी हाय," मुखरूभाऊ म्हणाला.

येताना बाबूभाईनं मोटार इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे जात होते. पेट्रोल जळतं म्हणून मुखरूभाऊ एकदाही कुरकुरला नाही. दारात मनकर्णानं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला आत नेलं. मग अंगणात हिशेब झाला. उतारा, कर, ढकलणारे मिळून ठरल्या भाड्याच्या वर गेले होते. बाबूभाईनं मुखरूभाऊच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माहा भत्ता राहू द्या, भाऊ. बेटी पहिल्यांदा बाळंतपणाले आली."

मुखरूभाऊचे डोळे बारीक झाले. त्यानं कमरेची पिशवी सोडली, भत्त्याचे पैसे बाबूभाईच्या मुठीत कोंबले आणि म्हणाला, "सोडून राह्यला, म्हंजे पयलेच चढवून सांगतलं होतं ना तूनं? घे चूपचाप. नाईतर उद्या चांदाभर सांगत फिरशीन, मुखरूचा नातू फुकटात आला म्हणून!"