लाल कॅप्सूल आणि बोपदेवचा चढ

“तुमची थुंकी अजून पॉझिटिव्ह आहे,” डॉक्टर म्हणाले.

औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते. ‘स्पुटम’ नावाची तपासणी असते. सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेला बेडका डबीत द्यायचा. तो काचेवर पसरून त्यात टी.बी.चे जंतू दिसतात का ते बघतात. दोन महिन्यांनी ते दिसायला नको होते. माझ्या काचेवर होते.

डॉक्टरांनी माझं कार्ड उलटसुलट पाहिलं. “एकही डोस चुकलेला नाही. मग हे कसं काय?”

कसं काय ते मला माहीत होतं.

हे मी माझ्यासाठी लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले, अक्षर बरं आहे, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा बंद होतो. वही पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली ठेवते. पण कधी कुणाच्या हाती लागली आणि त्यांना हाच आजार असला, तर त्यांनी पुढचं नीट वाचावं.

मी पुण्याच्या मार्केट यार्डात मिरचीच्या गाळ्यावर कामाला होते. आम्ही दहाबारा बाया सुक्या मिरचीची देठं खुडायचो. तोंडाला फडकं बांधलं तरी ठसका लागतोच. गाळ्यावर सगळ्याच खोकतात, त्यामुळे माझा खोकला कुणाला वेगळा वाटला नाही. मलाही नाही. संध्याकाळी बारीक ताप यायचा. ब्लाउज सैल झाले. शेजारी बसणारी पारूबाई म्हणाली, “काय गं सुमन, डाएट करतेस का शिणेमातल्या बायांसारखं?” आम्ही हसलो. थुंकीत रक्ताची रेघ दिसली तेव्हासुद्धा मला वाटलं, मिरचीचंच काहीतरी असेल.

दवाखान्यात ‘डॉट्स’चं औषध सुरू झालं. डॉट्स म्हणजे औषध सिस्टरांच्या डोळ्यांसमोर गिळायचं, आठवड्यातून तीन दिवस. प्रत्येकाच्या नावाचा खोका असतो. माझ्या खोक्यात एका वेळच्या सात गोळ्या, त्यातली एक लाल कॅप्सूल.

पहिल्याच दिवशी लघवी लाल-केशरी झाली. मी गारठले. कुणाला सांगणार? घरात सासरे, दीर, सगळे एका खोलीत. हा शब्द मी नवऱ्यासमोरसुद्धा कधी उच्चारला नव्हता. दवाखान्यात तर बाकावर वीस माणसं.

मग मीच डोकं लावलं. पाच वर्षं मिरची अंगात मुरली आहे, त्यात हे औषध गरम पडलं, आणि आता ती सगळी उष्णता बाहेर पडते आहे. मी धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं, सब्जा प्यायले. रंग जाईना. तेव्हा मी ठरवलं की लाल रंग लाल गोळीचाच. बाकीच्या सहा गिळायच्या आणि लाल कॅप्सूल तेवढी गालात धरायची. सिस्टरांना जीभ दाखवायची, बाहेर येऊन गटारात थुंकायची. रंग गेला. मला वाटलं, आपलं अगदी बरोबर होतं.

थुंकी पॉझिटिव्ह आली त्या दिवशी डॉक्टरांनी सिस्टरांना बोलावलं. सिस्टर पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी मला एकच विचारलं, तेही सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं.

“सुमन, लघवी लाल होते का गं?”

“नाही,” मी मान खाली घालून म्हटलं. मनात म्हटलं, आता तरी शाबासकी देतील.

“नाही होत? मग माझं औषध जातं कुठं?”

मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. सिस्टर माझ्याजवळ बसल्या. “अगं वेडे, तो रंग औषधाचा असतो. लाल झाली म्हणजे औषध अंगाला लागलं. ती एकच गोळी सगळ्यात महत्त्वाची, आणि तू तीच गटाराला पाजलीस.”

म्हणून तुम्हाला सांगते. लाल होते. घामालाही रंग चढतो. घाबरू नका. आणि घाबरलात तर विचारा.

औषध पहिल्यापासून सुरू झालं, ह्या वेळी आठ महिन्यांचं. पहिले दोन महिने दिवसाआड इंजेक्शन. कंबर दगडासारखी व्हायची, कानात घूं आवाज यायचा. घरात माझा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला वेगळा ठेवला होता, खिडकीच्या कठड्यावर. गाळ्यावर मुकादमाने परत घेतलं नाही. म्हणाला, “बरी हो, मग बघू.” बरी झाले तेव्हाही म्हणाला, बघू.

आठ महिन्यांनी थुंकी निगेटिव्ह आली. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला वर पांढरं जाळं दिसत होतं. ‘फायब्रोसिस’, म्हणजे जखम भरून राहिलेला वण. डॉक्टर म्हणाले, “तेवढा भाग आता काम करणार नाही. सपाटीवर चाला. जिने, चढ, ओझं टाळा. चढ तुमच्यासाठी नाही.”

मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन पहिल्यांदा रागावले. मी बत्तीस वर्षांची होते. सपाटीवर किती दिवस चालणार? आमच्या वस्तीचा नळसुद्धा चढावर आहे.

तो चढ मी मुद्दाम चढायला लागले. आधी रिकामी कळशी, मग भरलेली. मग पहाटे तळजाईच्या टेकडीवर जायला लागले. मिरचीच्या गाळ्यावर एक गोष्ट शिकलेली होती. ठसका आला तरी तोंड उघडायचं नाही. तोंड उघडून श्वास ओढला की आग आत जाते आणि काम संपतं. नाकाने, बारीक बारीक, हाताच्या तालावर श्वास घ्यायचा. टेकडीवर हाताऐवजी पायाचा ताल धरला. दोन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर. वर्षभरात मी पळत माथ्यावर जाऊ लागले.

तेव्हा हडपसरच्या बाजूला शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका कॉम्प्युटरच्या कंपनीत मला साफसफाईचं काम लागलं. सहावा मजला. मी लिफ्टने जात नसे. तिथे रेवती मॅडम होत्या, पंचविशीतल्या, पळायच्या वेडाच्या. एकदा त्या लिफ्टमधून बाहेर आल्या तर मी बादली घेऊन आधीच वर उभी.

“सुमनताई, तुम्ही जिन्याने? आणि दम नाही लागला?”

त्यांनीच मला शर्यतीचं सांगितलं. एकवीस किलोमीटर, बोपदेव घाट. कोंढव्याकडून घाट चढायचा, माथ्यावरून पलीकडे उतरून वळायचं, आणि तोच डोंगर पलीकडून पुन्हा चढून परत. साडेतीन तासांत. उशीर झाला तर मागून येणारी गाडी उचलून नेते. मला एकच ऐकू आलं. चढ दोनदा.

घरी सांगितलं. आमचे हे यार्डात हमाल आहेत. म्हणाले, “मी रोज पाठीवर पोतं घेऊन पळतो. मला कुणी मेडल दिलं का?”

“तुम्ही मागितलं का?” मी म्हटलं. एवढं उलट मी कधी बोलले नव्हते.

रेवती मॅडमबरोबर नाव नोंदवायला गेले, तिथे टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. माझी साडी बघून म्हणाले, “काकू, ही शर्यत आहे, हळदीकुंकू नाही.”

“म्हणूनच बूट घालून आले,” मी म्हटलं. आवाज थरथरला, पण निघाला.

फॉर्मवर एक रकाना होता, पूर्वीचे आजार. रेवती मॅडम कुजबुजल्या, “नाही लिहा ना, कोण बघतंय!” लपवून काय होतं ते मला चांगलं माहीत होतं, एकदा दोन महिने लपवून झालं होतं. मी लिहिलं, टी.बी. होता. बरा झाला.

गृहस्थांनी ते वाचलं आणि खुर्ची जरा मागे घेतली. “डॉक्टरांचा दाखला लागेल.”

म्हणजे त्याच डॉक्टरांकडे जायचं, ज्यांनी चढ टाळायला सांगितलं होतं.

“घाट?” त्यांनी चष्मा काढला. “बाई, तुमचा एक्स-रे मी विसरलेलो नाही.”

“तुमचा जिना किती मजले आहे?” मी विचारलं.

चार होता. डॉक्टरांनी मला तो दोनदा पळत चढायला लावला, वर येऊन स्वतः नाडी धरली, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग सही केली. “छातीत दुखलं, थुंकीत लाल दिसलं, तर थांबायचं. आणि सुमनबाई, ह्या वेळी लपवायचं नाही.”

शर्यतीच्या दिवशी पहाटे कोंढव्याला थंडी होती. मी पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी कमरेला गाठ मारून. सुरुवातीला सगळे माझ्या पुढे गेले. मी जाऊ दिलं. रेवती मॅडम दोन मिनिटांत दिसेनाशा झाल्या.

घाट लागला आणि माणसं चालायला लागली. तोंडं उघडी, हात कमरेवर. मी तोंड मिटलेलं ठेवलं. दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर. पावलं देठं खुडल्यासारखी बारीक. एक तरुण मागे पडताना म्हणाला, “काकू, पेट्रोल कुठलं भरलंय?” उत्तर द्यायला श्वास नव्हता. उजव्या बाजूला वर, जिथे वण आहे, तिथे ओढल्यासारखं होत होतं. मी मनात म्हटलं, ओढ. मी पण ओढते.

माथ्यावर वारा होता. पुणं खाली धुक्यात. पलीकडचा उतार मी गुडघे सांभाळत उतरले, वळले आणि दुसरा चढ सुरू केला. हा चढ वाईट होता. ऊन आलं होतं, पोटऱ्या आखडल्या होत्या. मागे लांबवर ती गाडी दिसत होती, हळूहळू येणारी.

अर्ध्या चढावर मी थुंकले. लाल.

नीट बघितलं. लाल-केशरी. पाय तिथेच थांबले.

काय काय डोक्यात आलं ते खरं लिहिते. पहिलं हेच की कुणी पाहिलं नाही. माती सारली की झालं. माथा दहा मिनिटांवर, मग नुसता उतार. विचारलं तर थांबवतील. गाडीत बसवतील आणि सगळ्यांना कळेल की डॉक्टरांचं पहिलंच म्हणणं खरं होतं. खिडकीच्या कठड्यावरचा तो पेला मला दिसला.

थोडं पुढे रस्त्याच्या कडेला रुग्णवाहिका उभी होती. मी तिथवर गेले आणि आतल्या डॉक्टर मुलीला मोठ्याने म्हटलं, “मला टी.बी. होता. आता थुंकीत लाल आलंय. बघा.”

शेजारी पाणी पीत उभे असलेले दोघे बाजूला सरकले. सरकू दे.

तिने मला बसवलं. जीभ बघितली, छाती ऐकली, नाडी मोजली, पांढऱ्या कापसावर थुंकायला लावलं. गाडी जवळ येत होती. ती कापूस उन्हात धरून बघत होती आणि मी तिच्या तोंडाकडे.

“ताई, वाटेत काही खाल्लंत का?”

“खाली वळले तिथे संत्र्याच्या गोळ्या वाटत होते. दोन घेतल्या.”

ती हसायला लागली. “रक्त नाही हे. गोळीचा रंग आहे.”

पुन्हा गोळीचाच रंग! मला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, आणि मी तशीच उठून पळाले.

माथा आला. उताराला मी पायांना मोकळं सोडलं. गाडी मागेच राहिली, पण घड्याळ राहिलं नाही. मी पोचले तेव्हा साडेतीन तासांवर दोन मिनिटं झाली होती. शर्यत संपते तिथल्या कमानीची दोरी सोडत होते. नावं नोंदवणारे ते टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, “काकू, वेळ संपली. मेडल नाही देता येणार.”

“नका देऊ,” मी म्हटलं. “पण कुठपर्यंत आले ते लिहून ठेवा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नंबर लिहून घेतला. मग स्वतःची पाण्याची बाटली माझ्यासमोर धरली. मी तोंड लावून प्यायले.

रुग्णवाहिकेपाशी थांबले नसते तर वेळेत पोचले असते. ती मिनिटं मला परत मिळाली तरी मी तिथेच खर्च करीन.

आमचे हे कमानीपलीकडे उभे होते, अर्धा दिवस काम सोडून. सगळं ऐकून म्हणाले, “चला. आता दोघंही बिनमेडलचे.” घरी आल्यावर त्यांनी कठड्यावरचा जर्मनचा पेला उचलला, त्यात चहा ओतला आणि स्वतः प्यायले. तो आता मांडणीत सगळ्या पेल्यांत आहे.

सोमवारी मी सिस्टरांना सांगायला दवाखान्यात गेले. बाकावर एक नवी पोरगी बसली होती, पदर तोंडावर, नजर जमिनीत. गाल एका बाजूने फुगलेला. तो गाल मी ओळखला.

बाकावर वीसेक माणसं होती. माझा घसा नेहमीसारखा बंद व्हायला लागला. मी नाकाने श्वास घेतला.

“ए पोरी,” मी म्हटलं, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. “लघवी लाल होते ना? औषधानेच होते. माझीही व्हायची. गीळ ती.”

तिने माझ्याकडे बघितलं. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि तिच्यापुढे धरलं.